तीस हजार पेजव्ह्यू, अकरा डॉलर: छोट्या वेबसाइटसाठी जाहिरातींचा हिशोब

(ऑडिओ भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ओके’ थोडे कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आजचा भाग ऐकताना जमलं तर फोनमधला कॅल्क्युलेटर उघडून ठेवा, कारण आज आकडेमोड आहे. घाबरू नका, सातवीच्या पुढची नाही.

झालंय असं की तासगाव भागातल्या एका श्रोत्याचा मेल आलाय. नाव घेऊ नका म्हणालाय, म्हणून घेत नाही. घरची दोन एकर द्राक्षबाग, स्वतः डिप्लोमा केलेला, आणि रात्री जेवणं झाली की बसून एक वेबसाइट चालवतो. विषय द्राक्ष. खरड छाटणी, फळछाटणी, डाऊनी, भुरी, पाणी किती द्यायचं, सगळं मराठीत. महिन्याला साधारण ३० हजार पेजव्ह्यू आहेत. मराठीतल्या, एकाच पिकावरच्या साइटला हा आकडा मला तरी चांगला वाटतो. पाच महिन्यांपूर्वी त्याने ॲडसेन्स लावलं. गेल्या महिन्याची कमाई ११ डॉलर. म्हणजे हजार रुपयांच्या आतबाहेर.

त्याने तीन प्रश्न विचारलेत. एक, एका पानावर तीन जाहिराती आहेत, त्या सहा-सात करू का? दोन, टेलिग्रामवर एक ग्रुप आहे, त्यात सगळे एकमेकांच्या जाहिरातींवर क्लिक करतात. जॉइन होऊ का? आणि तीन, फवारणीचं एक औषध विकणारी कंपनी त्यांच्या औषधावर ‘अनुभवाचा लेख’ टाकायला ८ हजार रुपये द्यायला तयार आहे, घेऊ का?

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, तो शेवटी घेऊ. आधी हे ११ डॉलर आले कुठून ते बघू. ते कळलं की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

मी नोकरीत बॅकएंडचं काम करतो. त्यातली दोन वर्षं जाहिरातींचा डेटा हाताळणाऱ्या टीममध्ये होतो, त्यामुळे ही यंत्रणा आतून थोडी बघितली आहे. सोप्या भाषेत सांगतो.

वेबवरची जाहिरात सुरुवातीला अगदी साधी होती. २७ ऑक्टोबर १९९४ ला हॉटवायर्ड नावाच्या अमेरिकन वेबसाइटवर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची एक पट्टी लागली, ४६८ बाय ६० पिक्सेलची. पहिल्या बॅनर जाहिरातींपैकी म्हणून ती ओळखली जाते. व्यवहार वर्तमानपत्रासारखाच होता. इतके दिवस जागा माझी, हे घ्या पैसे. पुढे २००० मध्ये गूगलने ॲडवर्ड्स सुरू केलं, ज्याला आता गूगल ॲड्स म्हणतात. तिथे जाहिरातदार बोली लावतात. आणि २००३ मध्ये आलं ॲडसेन्स. त्याचा अर्थ असा की गूगलकडे जे जाहिरातदार रांगेत आहेत, त्यांना आता तुमच्या-माझ्या वेबसाइटवरची जागाही मिळणार. मराठी साइट्सना मात्र २०१८ पर्यंत थांबावं लागलं. हिंदीला हे २०१४ मध्येच मिळालं होतं.

आता समजा कवठेमहांकाळचा एक शेतकरी रात्री नऊ वाजता आपल्या मित्राच्या साइटवर भुरीचा लेख उघडतो. पान उघडतंय तोवर त्यातला ॲडसेन्सचा कोड एक निरोप पाठवतो. निरोपात काय असतं? जागा किती मोठी आहे, पान कशाबद्दल आहे, फोन कुठला, माणूस अंदाजे कुठल्या भागातला, आणि कुकी असेल तर त्याने आधी इंटरनेटवर काय काय बघितलंय त्याचा माग. त्यावर लिलाव होतो. जाहिरातदारांच्या वतीने सॉफ्टवेअर बोली लावतं, जिंकणारा ठरतो, जाहिरात येते. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास सगळं उरकतं.

तासगावकरांना लिलाव समजावून सांगायची गरज नाही. बेदाण्याचे सौदे तिथे रोजचेच. नमुना समोर, व्यापारी दर बोलतात, सर्वात जास्त बोलेल त्याला माल. पण सौद्यात शेतकरी तिथे उभा असतो. कोण किती बोललं ते त्याला दिसतं आणि दर पटला नाही तर तो माल परत नेऊ शकतो. इथे तुम्ही लिलावाला हजरच नसता. किती जण आले, कोण किती बोललं, काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी फक्त पट्टी हातात पडते.

आणि या सौद्यातला माल काय आहे, हे लक्षात घ्या. माल तुमचा लेख नाही. माल म्हणजे तो कवठेमहांकाळचा माणूस, त्या क्षणी, त्या पानावर. म्हणून एकाच लेखाचे दर वेगवेगळे पडतात. तोच भुरीचा लेख न्यू जर्सीत राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाने सहज म्हणून उघडला, तर त्याच्यासाठी तिथल्या विमा कंपन्या, बँका बोली लावतात आणि त्या एका इम्प्रेशनला इथल्यापेक्षा कितीतरी जास्त मिळू शकतात. त्याच्याकडे द्राक्षाची एक वेलसुद्धा नसेल, तरीही.

आता शब्द. इंटरनेटवर या विषयाचा व्हिडिओ लावला की पहिल्या मिनिटाला सीपीसी, सीपीएम, सीटीआर, आरपीएम असा भडिमार होतो आणि माणूस तिथेच बंद करतो. तुम्हाला त्यातले दोनच लागतात.

इम्प्रेशन म्हणजे जाहिरात एकदा दाखवली गेली. सीपीएम म्हणजे हजार इम्प्रेशनसाठी जाहिरातदार किती मोजतो. त्यातला ‘एम’ मिलियनचा नाही हं, लॅटिनमध्ये हजाराला ‘मिले’ म्हणतात, त्याचा आहे. हा आकडा जाहिरातदाराच्या बाजूचा. आपल्या बाजूचा आकडा आरपीएम. हजार पेजव्ह्यूमागे आपल्या हातात किती आले. आपल्या मित्राचा काढू. ११ भागिले ३०. ०.३७ डॉलर. हजार वेळा पान उघडलं की ३७ सेंट.

क्लिकचं काय, असं विचाराल. पूर्वी ॲडसेन्समध्ये पैसे मुख्यतः क्लिकवर मिळायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की आता इम्प्रेशनवर देणार, आणि २०२४ च्या सुरुवातीपासून ते लागू झालं. म्हणजे ‘कोणी क्लिक करत नाही म्हणून पैसे नाहीत’ हे अर्धवट झालं. पण क्लिकला किंमत उरली नाही असंही नाही. ज्या साइटवरून येणारी माणसं खरंच काही विकत घेतात किंवा फोन करतात, तिच्यासाठी जाहिरातदाराचं सॉफ्टवेअर पुढच्या वेळी जास्त बोली लावतं. जिथून नुसते पोकळ क्लिक येतात, तिथली बोली उतरते.

आडत किती कापली जाते, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. जाहिरातदाराने गूगल ॲड्समधून १०० रुपये टाकले, तर गूगलच्याच माहितीनुसार खरेदीच्या बाजूला सरासरी १५ रुपये राहतात. उरले ८५. त्याचे ८० टक्के तुम्हाला, म्हणजे ६८. बाकीचे ३२ गूगलचे. जास्त आहे का? माझ्या मते आहे. पण तुम्ही स्वतः १०० जाहिरातदार शोधायला गेलात तर किती खर्च येईल तेही धरा. जिथे तुम्हाला एकच जाहिरातदार हवाय आणि तो तुमच्या तालुक्यातलाच आहे, तिथे हे ३२ कशाला द्यायचे हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्यावर येतोच.

पैसे हातात कधी येतात? खात्यात १० डॉलर झाले की गूगल तुमच्या पत्त्यावर एक पिन पाठवतं, साध्या पोस्टाने. चार महिन्यांत तो पिन टाकला नाही तर साइटवरच्या जाहिराती बंद होतात. शहरात ठीक आहे. गावात पत्ता लिहिताना पोस्टमनला जो पत्ता कळतो तो लिहा. वस्तीचं नाव, मळ्याचं नाव, वडिलांचं नाव, बरोबर पिनकोड. गूगलला काय वाटेल याचा विचार करू नका, पाकीट गूगल वाटत नाही, पोस्टमन वाटतो. त्यानंतर १०० डॉलर जमा होईपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत. महिन्याला ११ या दराने आपल्या मित्राला नऊ महिन्यांहून जास्त लागणार. मेलमध्ये त्याने लिहिलंय की घरी सगळे विचारतात, रोज रात्री फोनवर काय करतोस. नऊ महिने दाखवायला काहीच नाही म्हटल्यावर विचारणारच ना.

आता पहिला प्रश्न. जाहिराती वाढवायच्या का?

कागदावर वाटतं की तीनच्या सहा केल्या की ११ चे २२ होतील. होत नाहीत. माल तेवढाच आहे, माणूस एकच आहे. लेखाच्या तळाशी, जिथपर्यंत दहातला एखादाच जातो, तिथे लावलेली जाहिरात दिसलीच नाही तर तिला दर येत नाही. या धंद्यात ‘दिसली’ याची सुद्धा व्याख्या आहे. साध्या बॅनरचा निम्मा भाग निदान एक सेकंद स्क्रीनवर असला पाहिजे. ज्या जागेला असं ‘दिसणं’ कमी मिळतं, तिची किंमत जाहिरातदार कमी धरतो.

दुसरी बाजू वाचणाऱ्याची. आपल्या मित्राचा वाचक बागेत उभा असतो. ऊन आहे, नेट दोन काड्यांचं, हात ओले, आणि त्याला एवढंच बघायचंय की पंपाला किती मिली घ्यायचं. ती ओळ वाचता वाचता वरून जाहिरात येते, मजकूर चार बोटं खाली सरकतो आणि बोट जाहिरातीवर पडतं. हे तुमच्याबरोबरही झालंय. या सरकण्याला सीएलएस म्हणतात आणि पानाचा दर्जा ठरवताना गूगल ते मोजतं. यावरचा उपाय मात्र फुकटचा आहे. जाहिरात ज्या डब्यात येणार त्याला सीएसएसमध्ये आधीच उंची देऊन ठेवा. ३०० बाय २५० ची जाहिरात असेल तर मिन-हाइट २५० पिक्सेल. जाहिरात उशिरा आली तरी मजकूर जागचा हलत नाही. वर्डप्रेसवाल्यांनी थीम करून देणाऱ्याला हे एक वाक्य पाठवलं तरी पुरे.

शिवाय एक मर्यादा आहे. कोअलिशन फॉर बेटर ॲड्स नावाच्या गटाने २०१७ मध्ये काही नियम काढले आणि फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम ते वापरतं. मोबाइलवर मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त जागा जाहिरातींनी व्यापली, अख्खा स्क्रीन झाकणारे पॉपअप लावले, आवाजासकट व्हिडिओ आपोआप सुरू झाले, तर क्रोम त्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती गाळू शकतं. छोट्या लेखात सहा जाहिराती म्हणजे ३० टक्के सहज ओलांडले जातात.

माझं मत: लेख लांब असेल तर तीन ठेवा, छोटा असेल तर दोन. पहिली मथळ्याच्या लगेच खाली नको, दोन परिच्छेद होऊ देत. ‘ऑटो ॲड्स’ हे बटण चालू असेल तर ते बंद करा, निदान जाहिरातींची संख्या कमी करा, नाहीतर यंत्र आपल्या मनाने फवारणीच्या तक्त्याच्या मधोमध जाहिरात घुसवतं. आणि जाहिरातीच्या डोक्यावर ‘उपयुक्त लिंक’, ‘हेही वाचा’ असलं काही लिहू नका. ॲडसेन्सच्या नियमात ते बसत नाही. ‘जाहिरात’ म्हणजे ‘जाहिरात’ लिहायचं.

एक गोष्ट मात्र आजच करा, पाच मिनिटांची आहे. ॲडसेन्सच्या खात्यात ‘ब्लॉकिंग कंट्रोल्स’ असतं. तिथे झटपट श्रीमंती, ज्योतिष, काळी जादू, डेटिंग, वजन कमी करणं, फोनमध्ये डाउनलोड करायची सटरफटर ॲप्स, हे प्रकार बंद करता येतात. कर्जाच्या जाहिरातीही बंद करता येतात. दर थोडा पडेल, हो. पण द्राक्षाचे दर पडलेल्या वर्षी शेतकऱ्याला फवारणीच्या माहितीशेजारी ‘दहा मिनिटांत कर्ज’ दिसावं का, हे तुम्ही ठरवायचंय. मी असतो तर पहिल्या दिवशी बंद केलं असतं. ‘डाउनलोड’ असं मोठ्या हिरव्या बटणात लिहिलेल्या फसव्या जाहिराती दिसल्या तर ‘ॲड रिव्ह्यू सेंटर’मध्ये जाऊन एकेक अडवता येते.

दुसरा प्रश्न. क्लिकचा ग्रुप.

भावा, नको.

का ते सांगतो, कारण नुसतं ‘नियमात नाही’ म्हटलं की कोणी ऐकत नाही. ग्रुपमध्ये ५० जण आहेत. रोज एकमेकांच्या साइटवर जायचं, दोन जाहिराती दाबायच्या, स्क्रीनशॉट टाकायचा. आता हे दुसऱ्या बाजूने कसं दिसतं बघा. द्राक्षाच्या साइटवर एरवी हजारात चार-पाच क्लिक. अचानक एका आठवड्यात ते चाळीस. क्लिक करणारे तेच ५० फोन, आणि तेच ५० फोन दुसऱ्या ४९ साइट्सवरही तसेच क्लिक करतायत. क्लिक झाल्यावर जाहिरातदाराच्या पानावर दोन सेकंद थांबून परत. कोणी काही विकत घेत नाही, कोणी फॉर्म भरत नाही. हे शोधायला फार मोठी एआय लागत नाही हो. कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला डेटा टीममधला मुलगाही एका क्वेरीत हे टोळकं काढून दाखवेल.

मग होतं असं की खातं बंद. साठलेले पैसे कापून घेतात, शक्य असेल तिथे जाहिरातदाराला परत देतात. अपील करता येतं, पण खरोखर क्लिक विकत घेतले असतील तर अपिलात काय लिहिणार? आणि ज्याचं खातं अशा कारणाने बंद झालं, त्याला नवं खातं उघडायला परवानगी नसते. ॲडसेन्स एका माणसाला एकच खातं देतं. म्हणजे २२ व्या वर्षी हा उद्योग केला, तर ३२ व्या वर्षी चांगली साइट काढली तरी हा रस्ता बंद असू शकतो. ‘१०० रुपयांत १० हजार व्हिजिटर’ विकणाऱ्यांचंही तेच. ते व्हिजिटर माणसं नसतात.

कोणी मुद्दाम तुमचं खातं बुडवायला तुमच्या जाहिरातींवर क्लिकांचा मारा केला तर? होतं असं. आकडा एकदम चढलेला दिसला की थांबू नका. अवैध क्लिक कळवायचा गूगलचा फॉर्म आहे, तो तारखेसकट भरा, आणि गरज वाटली तर दोन दिवस जाहिराती काढून ठेवा. घरच्यांनाही सांगून ठेवा. आई कौतुकाने रोज तुमच्याच साइटवरच्या जाहिराती दाबत असेल, तर तेही यातच धरलं जातं.

दोन कागदपत्रं राहिली, पटकन सांगतो. एक, ॲड्स डॉट टीएक्सटी नावाची साधी मजकुराची फाइल. माझ्या साइटवरची जागा विकायचा हक्क कोणाकोणाला आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. आयएबी टेक लॅबने २०१७ मध्ये ही पद्धत आणली, कारण नामांकित साइटच्या नावाने बनावट जागा विकल्या जात होत्या. ॲडसेन्स तुम्हाला एक ओळ देतं, ती जशीच्या तशी त्या फाइलमध्ये टाकून डोमेनच्या मुळाशी ठेवायची. दोन, गोपनीयता धोरणाचं पान, ज्यात जाहिरातींसाठी कुकी वापरल्या जातात हे लिहिलेलं हवं. तुमचे वाचक लंडनला किंवा जर्मनीत असतील तर जानेवारी २०२४ पासून तिथल्या लोकांकडून संमती घेणारी चौकटही लागते. ॲडसेन्समध्येच ती तयार मिळते, चालू करा. आणि हो, ही कमाई उत्पन्नात धरावी लागते. रिटर्न भरताना सीएला सांगा.

आता ११ डॉलर वाढवायचा खरा मार्ग, माझ्या मते. १९९४ ची पद्धत. थेट जाहिरात.

आपल्या मित्राचा वाचक कोण आहे? तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस, शिवाय नाशिकचे काही. सगळे द्राक्षवाले. गूगलच्या लिलावात हा माणूस ‘भारतातला, मराठी, मोबाइलवाला’ म्हणून विकला जातोय, ३७ सेंटला हजार. पण तासगावातल्या ड्रिपच्या डीलरला हाच माणूस हवाय. रोपवाटिकेला हवाय. बेदाणा शेडचं जाळीकापड विकणाऱ्याला हवाय. शेतकऱ्याचं ट्रॅक्टरचं ब्लोअर दुरुस्त करणाऱ्याला तर फारच हवाय, फळछाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की एक दिवस ब्लोअर बंद पडलेला परवडत नाही.

मग डीलरकडे जायचं. सीपीएम वगैरे काढायचं नाही. फोनवर दोन आकडे दाखवायचे. महिन्याला किती जण येतात, आणि त्यातले अंदाजे किती सांगली जिल्ह्यातले. अंदाजे म्हणायचं, कारण मोबाइल नेटवरून गाव नेमकं कळत नाही. तासगावचा माणूस पुण्याचा दिसू शकतो. दर हंगामावर लावा. समजा, फळछाटणीच्या तीन महिन्यांसाठी एका जागेचे महिन्याला दीड हजार. दोन डीलर झाले तरी महिन्याला तीन हजार, म्हणजे ॲडसेन्सच्या तिप्पट, आणि तेही त्या पानांवर ॲडसेन्सची एक जाहिरात कमी करून. उन्हाळ्यात वाचक कमी होतात, तेव्हा दर कमी करायचा. पैसे आधी घ्यायचे. काय ठरलं ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं: कुठली जागा, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत. चित्र १०० केबीच्या आत ठेवा. लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ हा गुणधर्म लावा, म्हणजे पैसे घेऊन दिलेली लिंक आहे हे गूगल सर्चला कळतं आणि साइटला शिक्षा होत नाही. आणि वर ‘जाहिरात’ हा शब्द, वाचता येईल एवढ्या अक्षरात.

थेट जाहिरातीत तुमची जबाबदारी वाढते, हे लक्षात ठेवा. तिथे गाळणी लावणारं गूगल नाही. सट्ट्याच्या, पैसे लावून खेळायच्या ॲपवाल्यांचे मेल छोट्या साइट्सना येत असतात आणि रक्कम बघून डोळे फिरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांची जाहिरात करणंही गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. त्या मेलला उत्तरही देऊ नका.

आता तिसरा प्रश्न. ८ हजारांचा लेख.

कंपनीचा प्रस्ताव मी वाचला. मित्राने मेलबरोबर जोडला होता. त्यांना बॅनर नकोय. त्यांना मित्राच्या नावाने, मित्राच्या बागेतला अनुभव म्हणून लेख हवाय. मजकूर ते पाठवणार, फोटोही तेच पाठवणार. आणि एक अट, ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं कुठे लिहायचं नाही.

८ हजार म्हणजे या साइटची आठ महिन्यांची कमाई. मोह होणार. घरी दाखवायला काहीतरी होणार. हे मी हलक्यात घेत नाही.

पण द्राक्षवाल्यांना हे मी सांगायला नको. २०१० मध्ये युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागायतदार सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात, त्याचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला होता आणि माल अडकला. किती बागायतदार त्यात होरपळले ते त्या भागात अजून आठवतात. म्हणून तर आज प्रत्येक बागायतदार ‘लेबल क्लेम’ हा शब्द बोलतो. औषध त्या पिकासाठी नोंदवलेलं आहे का, काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे बघितल्याशिवाय निर्यातीच्या बागेत कोणी हात लावत नाही. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्याची यादी काढतं. आता या कंपनीच्या पत्रात नोंदणी क्रमांक कुठेच नाही. द्राक्षासाठी लेबल क्लेम आहे का, एक शब्द नाही. आहे ते एवढंच, ‘मणी फुगतो, साखर भरते, रिझल्ट शंभर टक्के’.

समजा हा लेख टाकला. कवठेमहांकाळचा तो माणूस वाचणार. त्याला माहितीये की हा पोरगा स्वतः बाग करतो, खोटं लिहिणार नाही. तो ते औषध आणणार. उद्या माल तपासणीत अडकला तर कंपनीचे ८ हजार मित्राकडे, आणि वर्षाचं पीक गेलं त्या माणसाचं.

नियम हवा असेल तर तोही आहे. भारतीय जाहिरात मानक परिषद, जिला आपण एएससीआय म्हणतो, तिच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पैसे किंवा वस्तू घेऊन टाकलेला मजकूर ‘जाहिरात’ म्हणून स्पष्ट ओळखता आला पाहिजे. सूचना इन्फ्लुएन्सरसाठी आहेत, पण साइटवर स्वतःच्या नावाने शिफारस करणारा माणूस यापेक्षा वेगळा नाही.

म्हणून मी त्याला असं सुचवलं. कंपनीला तीन ओळींचं उत्तर लिही. लेख माझ्या नावाने येणार नाही. बॅनर घेईन, वर ‘जाहिरात’ लिहीन, तीन महिन्यांचे साडेचार हजार. त्याआधी औषधाच्या लेबलचा फोटो आणि नोंदणी क्रमांक पाठवा, द्राक्षाचा क्लेम नसेल तर बॅनरही नाही.

काल रात्री त्याचा मेसेज आला. कंपनीने लेबलचा फोटो पाठवला नाही. उलट ८ चे १२ हजार केले. त्याने नाही म्हणून कळवलंय. ब्लोअर दुरुस्त करणारा मात्र दोन महिन्यांसाठी तयार झालाय, हजार रुपये महिना, पण बॅनर कसा करायचा ते त्याला माहीत नाही, म्हणून मित्राने त्याच्याच दुकानाच्या पाटीचा फोटो काढून खाली फोन नंबर टाकलाय. मी बघितला. फोटो तीन एमबीचा आहे, तो लहान कर एवढं सांगितलंय.

पुढच्या भागात तेच घेऊ, साइटवरची चित्रं लहान कशी करायची आणि पान दोन काड्यांच्या नेटवर कसं उघडतं ते कुठे मोजायचं. तुमची साइट असेल तर महिन्याचे पेजव्ह्यू आणि कमाई, दोन आकडे पाठवा. नाव सांगणार नाही. भेटू.